तीन तासांचा माळ

पाच वर्षांनी तांड्यावर आलेल्या शितलनं आजोबांपुढं लॅपटॉप उघडला. पुण्याच्या कंपनीत ती ऑनलाइन गेमसाठी डोंगर, जंगलं तयार करायची.

"आबा, गेममधला हा माळ ओलांडायलाच तीन तास लागतात!"

जन्मभर बैल हाकत बाजार केलेला नेमसिंग फिसकन हसला. "तीन तासांत माझे बैल नुसते पाण्याला जाऊन येत. माळ केवढा हाये, ते मागं वळल्यावर कळतं, पोरी. मागं तांडा केवढासा दिसून राहिला, ते दाव."

"पाठ फिरली की कॉम्प्युटर मागचं सगळं काढून टाकतो, आबा. उगाच त्याचं ओझं कशाला?"

"व्हय का?" नेमसिंगनं भिंतीवरच्या, हार घातलेल्या फोटोकडं पाहिलं. "तुझी आजी दर खेपेला तू दिसेनाशी होईस्तोवर फाट्यावर उभी राहायची. पाठ फिरली की मागचं काढून टाकत्यात, हे तिला कुणी सांगितलंच न्हाई."