आळ्यातला पंचा

पावस गावाजवळच्या कातळावर सुरुंगाने खड्डे पाडून, बाहेरून आणलेली माती त्यात भरून स्वानंदीच्या सासऱ्यांनी हापूसची कलमं लावली होती. मातीखाली सगळा दगडच. ते गेले, आणि चार वर्षं तणनाशक मारल्यावर कलमं सुकायला लागली.

तेव्हा बागेत कामाला येणारी तुळसा म्हणाली, "वयनी, एक सुती फडकं पुरून बघा. माती जिवंत असली तर दोन महिन्यांत खाऊन टाकील. नायतर तसंच मिळंल."

स्वानंदीने सासऱ्यांचा फाटका पंचा एका कलमाच्या आळ्यात पुरला.

दोन महिन्यांनी, भर दुपारी, दोघींनी माती उकरली. पंचा अख्खा निघाला. स्वानंदीचा चेहरा पडला.

"तसाच नाय," तुळसा हळूच म्हणाली. "नीट बघा."

मधोमध फाटलेलं होतं ते शिवलेलं होतं. बारीक, एकसारखे, पांढरे टाके. शेवटचं दोन बोटं तेवढं शिवायचं राहिलं होतं, आणि तिथून दोरा खाली गेला होता.

तुळसाने हाताने माती सारली. दोरा थेट कातळात शिरला होता. कातळाला तिथे चीर नव्हती.

"मुळी असेल," म्हणत स्वानंदीने तो हलकेच ओढला.

खालून कुणीतरी आणखी दोरा सोडला, उरलेल्या टाक्यांना पुरेल इतकाच.