ओंडक्याचं दुसरं टोक

गाव्रिलने ओंडक्याचं दुसरं टोक उचलताच दुमित्रुने कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या तोंडावर हाणला. एक दात भुशात पडला.

"माझ्या भावाला भोसकलंस आणि आता माझंच घर बांधायला आलास?"

गाव्रिल रक्त थुंकला. "ओला आहे ओंडका. एकट्याला पेलणार नाही."

गाव्रिल पोरका लाकूडतोड्या. दुमित्रुच्या भावाच्या, सिमियोनच्या खुनाची शिक्षा भोगून सुटला, तो गावात न थांबता थेट टेकडीवर, या बांधकामापाशी आला. जमीन दुमित्रुच्या आईची, पारास्किवाची. थंडीआधी घर उभं करायचं, मग दुमित्रुचं लग्न, असं ठरलेलं.

दुमित्रु मारायचा. गाव्रिल तरी यायचा. ओंडके तासायचा, कोपऱ्यांना खाचा पाडायचा, फटींत शेवाळ ठासायचा. एकदा दुमित्रुने त्याला भिंतीवरून खाली ढकललं. बरगड्यांवर फडकं आवळून तो पुन्हा हजर.

"कुत्रंसुद्धा एवढा मार खाऊन परत येत नाही रे," शेजारचा लुपु म्हणाला. "काय खाऊन आलायस तू?"

"तुरुंगातली भाकरी."

पारास्किवा दुपारी मुलासाठी मक्याचा घाटा घेऊन यायची आणि बघत उभी राहायची. मुलाला तिने कधी अडवलं नाही. म्हातारीचा जीव निवत असेल, असं लोक म्हणायचे.

छपराचा शेवटचा वासा बसला, त्या दिवशी दुमित्रु सकाळपासून पीत होता. त्याने गाव्रिलला उंबऱ्यावर आडवं पाडलं, त्याचं मनगट गुडघ्याखाली दाबलं.

"याच हातानं मारलंस ना? बोल!"

गाव्रिल पारास्किवाकडे बघत राहिला.

कुऱ्हाड दोन बोटं तोडून लाकडात रुतली. लुपु ओरडत खाली गावाकडे पळाला.

पारास्किवा पुढे आली. डोक्याचा रुमाल सोडून तिने गाव्रिलचा हात करकचून बांधला. मग कमरेची नव्या घराची किल्ली काढली. दुमित्रुने हात पुढे केला.

तिने ती गाव्रिलच्या धड हातात ठेवली.

"आई, वेड लागलंय का तुला? माझं घर आहे हे!"

"त्या रात्री तू पिऊन शुद्धीत नव्हतास. तुझ्या हातात रक्ताळलेली सुरी पाहिली आणि मीच याच्या पाया पडले, दुमित्रु," ती म्हणाली. "'माझ्या पोराऐवजी तू आत जा,' असं याला म्हणाले. घर मी याला तेव्हाच कबूल केलंय."