पऱ्हाटीचा गुन्हा

"आधी लिहून द्या, मग जेसीबी लावा," शाखा अभियंता रोहित गिऱ्हे म्हणाले. छत्रीखाली धरलेला कागद त्यांनी सरपंच शोभाताईंपुढे केला.

बोरडोहच्या नाल्याचं पाणी रस्त्याला अडून गावात शिरलं होतं. खालच्या मोहल्ल्यातली साठ माणसं सकाळीच शाळेत नेऊन बसवली होती. आता पाणी शाळेच्या तिसऱ्या पायरीवर होतं, आणि पायऱ्या पाचच. तिथून माणसं हलवायला वाट उरली नव्हती. रस्ता फोडला तरच पाणी उतरणार होतं. खाप्याहून आलेला चंद्रभान जेसीबी सुरू ठेवून बसला होता. इकडे डिझेल जळत होतं आणि साहेब शब्द जुळवत होते.

रस्ता सरकारी. दोन वर्षांपूर्वीच उंच केलेला, खाली चार पाइपांची नवी पुलिया. त्यातला एकच पाइप वाहायचा, बाकीचे तीन तुंबलेले. गावानं काय कमी केलं? यंदा मृगाआधी घरटी एक माणूस निघाला, दोन्ही तोंडांनी पाइपांत शिरून गाळ ओढला. हात पुरेल तिथवर हात, पुढे बांबू. मग बांबूही अडायचा. साहेब दर बैठकीत सांगायचे, "सरकारनं पुलिया दिली. कचरा तुम्ही टाकता." गावाला ते पटलं होतं. सरकारला शिव्या द्यायला आपली जीभ सैल असते, पण पटतं मात्र आपलंच चुकलेलं.

म्हणून तर सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत शोभाताईंनी बाबारावांना उभं केलं होतं. त्यांनी शेतातली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळली झाडं, नाल्याकाठी रचली होती आणि ती गेल्या पावसाळ्यात वाहून गेली होती. सत्तरीच्या म्हाताऱ्यानं साऱ्या गावापुढे हात जोडले. तेव्हापासून ते पारावर बसायला आले नव्हते.

शोभाताईंनी कागद वाचला. 'ग्रामस्थांनी टाकलेल्या कचऱ्यामुळे पाइप तुंबले. पुराची व रस्ता फोडण्याची सर्व जबाबदारी ग्रामपंचायतीची राहील.' त्यांचा हात थांबला. ही सही म्हणजे आज पडणारं प्रत्येक घर उद्या गावाच्याच डोक्यावर.

"साहेब, आधी मानसं वाचवा. लिहिनं मागून होते."

"माझी नोकरी जाईल, ताई. कारण लिहिल्याशिवाय सरकारी रस्ता फोडू देता येत नाही."

शाळेतून कोणीतरी ओरडलं. चौथी पायरी.

गर्दीतून बाबाराव पुढे आले. त्यांची जिजाबाई लकव्यानं खाटेला खिळलेली, आणि ती खाट शाळेच्या वर्गात होती.

"लिही वं शोभा," ते म्हणाले. "गावाचं काहून? माहं नाव टाक. पऱ्हाटी माही होती."

शोभाताईंना रडू फुटलं. त्यांनी 'ग्रामस्थांनी' आणि 'ग्रामपंचायतीची' खोडून तिथं बाबारावांचं नाव लिहिलं आणि सही केली. खाली बाबारावांनी सही केली. साहेबांनी कागदाची घडी घातली, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आतल्या खिशात ठेवली.

"चालू द्या."

चंद्रभाननं पाइपांच्या अगदी लगत खोदायला घेतलं. दहाव्या खेपेला पाणी घुसलं आणि उरलेली माती पाण्यानंच ओढून नेली. माणसं मागे पळाली. पाऊण तासात शाळेची तिसरी पायरी उघडी पडली, मग दुसरी. जिजाबाईंची खाट कोरडी राहिली. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, कोणीतरी साहेबांनाही चहा आणून दिला.

बाबाराव तेवढे त्या आनंदात नव्हते. पाण्याचा जोर ओसरताच ते धोतर खोचून चरात उतरले. निदान आपली घाण आपण काढावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. शोभाताई त्यांना धरायला मागोमाग उतरल्या.

"बाहेर या!" साहेब वरून हाका मारू लागले. "दोघंही बाहेर या, ताबडतोब!"

चराच्या कडेची माती खचून कडेचा पाइप एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत उघडा पडला होता. गावाच्या बाजूनं आठ फुटांचा एक तुकडा. पलीकडच्या बाजूनं आठ फुटांचा एक तुकडा. मधे पाइपच नव्हता. बाबारावांनी दोन्हींच्या मधे हात घातला, नखांनी खरवडून पाहिलं. काहीच निघालं नाही.

"शोभा," ते म्हणाले, "इथं गाळ नाही वं. मुरूम हाये. रोलर फिरवलेला."