चौकटीवरच्या रेघा

स्वयंपाकघरातून लाकूड उचकटल्याचा आवाज आला आणि नूरुद्दीनचे पाय जिन्यावरच थांबले. कुलूप तुटल्याचा आवाज मात्र आला नव्हता.

"अहो, चोर आलाय," त्याची बायको कुलसुम कुजबुजली. तिने लेकीला, अलिनाला, पोटाशी घट्ट धरलं होतं. "पोलिसांना फोन करू?"

"वेड लागलंय? खबरदार!"

मंदी आली तशी दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या त्या गल्लीतले बरेच बंगले ओस पडले होते. चोर एसी नेत, नळ नेत, दारंसुद्धा उखडून नेत. शेजारी तर वॉचमनचं डोकं फोडलं होतं मेल्यांनी. पुढचे पडदे कायम बंद ठेवूनही हे संकट आलंच. नूरुद्दीनची नोकरी गेली होती, अजमानची खोली गेली होती. आता हे छप्पर गेलं, की पोरीला घेऊन थेट रत्नागिरी.

आणि घर तरी कसलं! अस्सल इंग्रजी थाट. बाथरूममध्येसुद्धा गालिचा, गरम पाण्याचा नळ वेगळा, गारचा वेगळा. कहर म्हणजे या वाळवंटात हॉलमध्ये शेकोटी! गोऱ्यांचं एकेक डोकं! त्यांच्या टोबीची उंचीही दर वाढदिवसाला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने मांडलेली. पोर तापाने गेलं, तिथे रेघा थांबल्या. नूरुद्दीन चौकट रंगवायला निघाला, तर कुलसुमने ब्रश हिसकावून घेतला होता.

"इथल्या कशालाही हात लावायचा नाही," तिने बजावलं होतं. तिचा जीवच होता या घरावर. कानाकोपरा तिनेच घासलेला.

शेकोटीपाशी निखारे ढकलायची लोखंडी सळई होती. नूरुद्दीनने ती उचलली.

"मम्मी, आय ॲम स्केअर्ड," अलिना मुसमुसली.

स्वयंपाकघराच्या दारात चोर पाठमोरा उभा होता. डोक्यावर टोपी, हातात पटाशी. नूरुद्दीनने मागून सळई हाणली.

फटका खांद्यावर बसला. माणूस भेलकांडत वळला, एक हात वर करून काहीतरी बोलायला लागला. पण पटाशी मुठीतच होती आणि नूरुद्दीनच्या मागे अलिना होती. दुसरा फटका डोक्यात. कडकन हाड मोडलं. माणूस ओट्यावर आदळून खाली कोसळला, तरी नूरुद्दीन हाणतच राहिला. नोकरी गेल्यापासूनचा सगळा संताप हातात उतरला होता. पांढऱ्या फरशीवर रक्ताचं थारोळं झालं.

"बस करा! मरेल तो!" कुलसुम किंचाळली.

"मरू दे! माझ्या घरात घुसतो?" तो धापा टाकत म्हणाला. "खलास!"

माणूस हलत नव्हता. चौकटीची उचकटलेली फळी त्याने छातीशी कवटाळली होती. तिच्यावरच्या पेन्सिलच्या रेघा रक्ताने भिजल्या होत्या. कुलसुमने त्याची टोपी काढली, चेहरा आपल्याकडे वळवला.

"या अल्ला! अहो, हे माझे साहेब, टोबीचे पप्पा," ती म्हणाली. "जाताना, घर सांभाळ म्हणून, दुसरी चावी माझ्याच हातात देऊन गेले होते."