नर्मदाबाईच्या कावळ्याचा फोटो

या मायबापहो, असे पुढं सरकून बसा. देवाची कथा तर रोजचीच आहे. आज एका कावळ्याच्या फोटोची सांगतो.

तातेरावानं कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्यातून डोकं बाहेर काढलं, तोवर कावळा उडून गेलेला.

"गेला का?" नर्मदाबाईनं विचारलं.

"गेला, मावशी. जे आलं ते आलं."

कनेरगावच्या अलीकडचं गाव. निजामाचं राज्य गेल्यावरचा पहिलाच हिवाळा. निजामाविरुद्ध लढायला सरहद्द ओलांडून वऱ्हाडातल्या कॅम्पांत गेलेली पोरं एकेक करून घरी परतली होती. नर्मदाबाईचा एकुलता सटवाजी तेवढा आला नव्हता. तो गेला होता तातेरावासंगं. तातेराव वाशिमला फोटोचं काम शिकून, कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, "सटवा येतो मागून. काम राहिलंय त्याचं."

खरं असं होतं, की सटवा कॅम्पातच तापानं गेला. अग्नी तातेरावानंच दिला. "मायला सांगू नको," एवढंच सटवा शेवटी बोलला होता. म्हणून तातेराव तोंड मिटून होता. आणि म्हातारीनं कावळ्याचा फोटो मागितला, तेव्हा त्याच्यानं नाही म्हणवलं नाही. कावळा ओरडला की घरी पाव्हणा येतो, हे कुणाला ठाऊक नाही? वाट बघणाऱ्या मायनं त्या निरोप्याला रोज माळवदावर दहीभात ठेवावा, यात नवल ते काय.

पहिला फोटो बघून ती म्हणाली, "हा कावळा हाय का चुलीतला कोळसा?"

"मी खाली अंगणात, तो वर. मागं सगळं आभाळ. आभाळाच्या उजेडात तो काळा पडला, मावशी."

दुसऱ्या खेपेला त्यानं भिंग जास्त वेळ उघडं ठेवलं. काळ्या पिसाला उजेड जास्तच पाजावा लागतो. पण नेमकी कावळ्यानं मान हलवली.

"दोन चोचीचा झाला," म्हातारी म्हणाली. "एकीनं खातो, दुसरीनं तुला हसतो."

तातेरावही हसला. कॅम्पातून आल्यापासून पहिल्यांदाच.

"दहीभाताचं पान तेवढं माळवदाच्या पश्चिमेच्या काठाला ठेवा," तो म्हणाला. "ऊन बराबर तोंडावर पडंल, मागं लिंबाची सावली येईल."

"न्हाई. पान दक्षिणेलाच राहू दे."

"काहून? सटवा तर कनेरगावाकडून येणार. उत्तरेकडून."

"तू तुझा डबा हलव, बाबा. पान हलणार न्हाई."

मग तातेरावानं माळवदावर बाज चढवली, बाजेवर तिपाई. आता कॅमेरा कावळ्याहून उंच झाला, आणि पानामागं आभाळाऐवजी ज्वारीचं हिरवं रान दिसू लागलं. ऊन कडेनं येत होतं. त्यात पिसं सुटी दिसणार होती. भिंगाचं तोंड मोठं उघडून त्यानं खटका चपळ ठेवला.

कावळा आला. काठावर बसला. पानाकडं बघत राहिला, पण पुढं येईना.

"आज काय झालं ह्याला?" फडक्यातून तातेराव पुटपुटला.

नर्मदाबाई पानाजवळ गेली. हात जोडून ओठातल्या ओठात काहीतरी बोलली आणि मागं सरली. कावळ्यानं टुणकन उडी मारली, घास उचलला. तातेरावानं खटक्याचा रबरी फुगा दाबला.

फोटो असा आला, की पीस न् पीस मोजावं. डोळ्यात उन्हाचा ठिपका. हा फोटो उराशी धरून मावशी आता जन्मभर वाट बघणार, असं तातेरावाच्या मनात आलं.

"सटवा आला की दावा त्याला," तो कसाबसा म्हणाला.

नर्मदाबाईनं पदरानं फोटोवरची काच पुसली. "आमच्या सटवाचा फोटो कधी काढलाच नव्हता," ती म्हणाली. "आता झाला."

तातेरावानं झटकन मान वर केली.

"दोघं गेले नि तू एकटा आलास, तवाच कळलं मला. म्हणून तर पान दक्षिणेला, पितरांच्या दिशेला. तुला सांगवंना, म्हणून मी बी इचारलं न्हाई. त्या दिशी कावळा घासाला शिवंना, तवा त्याला म्हणलं, तुझ्या तातेरावाला मी बोल लावणार न्हाई रे. मग घेतला." तिनं फोटो भिंतीतल्या देवळीत ठेवला. "जेवायला बसलास की एक घास त्याच्या नावाचा काढत जा, बाबा."