ठणकणारी बोटं

बर्फाचा कडा कोसळून चौकी गाडली गेली, त्याला तीन दिवस झाले होते. माणसं चार आणि हवा जेमतेम तिघांपुरती. तरी नाईक बाबर निर्धास्त झोपला. तुकडीत प्रत्येकाच्या कानामागे चिप होती. एकाच्या अंगाला जे जाणवेल, ते चौघांनाही जाणवायचं. दुसऱ्याचा गळा धरला तर आपलाच आवळला जाणार, मग धरेल कोण?

घुसमटून तो दचकून उठला. हवालदार शितोळे आणि लोंढेही गळा चोळत बसले होते. गायकर हलत नव्हता.

शितोळेंनी नेहमीसारखी हजेरी घेतली. गायकरच्या नावाला कोणी ओ दिली नाही.

"सांगा रे, कोणी केलं?"

बाबरची दहाही बोटं ठणकत होती. त्याने हात वर केला. बोटं चोळत लोंढेनेही केला. शितोळेंचा आधीच वर होता.