शटरची करकर

करकरत शटर वर ढकललं आणि समोरच्या गॅलरीतल्या आजींना म्हणालो, "तुम्हाला या आवाजाचा त्रास होत असेल. आजच तेल घालतो."

"नको हो! अजिबात घालू नका."

टेलरिंगचं दुकान माझं स्वतःचं. पाटीवर नऊची वेळ असली, तरी मला जाब विचारणारं कोण? पण तेलाला नाही म्हणणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

"का हो आजी?"

"मला घड्याळ दिसत नाही आता. तुमचं शटर वाजलं की नऊ झाले समजून शुगरची गोळी घेते. मग न्याहारी."

"आणि मला उशीर झाला तर?"

"तुम्ही कशाला उशीर कराल?"

त्यांच्या मांडीवर न्याहारीची ताटली झाकलेलीच होती. माझ्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.